धोट्याचा विटाळ : गिरणगावचा इतिहास आणि आपले साहित्य

मराठी समीक्षेत आणि इतिहासलेखनात ‘गिरणी कामगार’ हा शब्द फार सहजपणे वापरला जातो. जणू परळपासून लालबागपर्यंत आणि डिलाईल रोडपासून नायगावपर्यंत एकाच घडणीची, एकाच दुःखाची लाखो माणसे राहत होती. प्रत्यक्ष गिरणीत माणूस कधीच नुसता कामगार नव्हता. तो अमुक खात्यातला कामगार होता. खाते कळले की त्याच्या मजुरीचा अंदाज येई आणि पुष्कळदा त्याच्या जातीचाही. हा साधा तपशील आपल्या इतिहासकारांनी तळटिपेत टाकला आणि साहित्यिकांनी तर तेवढीही जागा त्याला दिली नाही. दलित साहित्याची चळवळ मुंबईत का जन्मली आणि ती कामगार साहित्याच्या पोटात सुखाने का नांदू शकली नाही, याचे उत्तर याच तपशिलात आहे. म्हणून त्याचा विचार मुळापासून केला पाहिजे.

खाते आणि मजुरी

कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला कापड गिरणीची कंपनी काढली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत मुंबई बेटाच्या मध्यभागी गिरण्यांचे जंगल उभे राहिले. या गिरण्यांना माणसे पुरवली ती रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांनी. त्यांत मराठा-कुणबी होते, तसेच महार, मांग, चांभारही होते. गावगाड्यातून सुटण्यासाठी अस्पृश्य माणूस शहराकडे निघाला होता. यंत्राला जात नसते, वाफेला विटाळ होत नाही, असा त्या काळातील सुधारकांचाही विश्वास होता.

परंतु गिरणीत भरती यंत्र करीत नव्हते, जॉबर करीत होता. कामावर कोणाला घ्यायचे, बदलीवाल्याला दिवस द्यायचा की परत पाठवायचे, हे त्याच्या हाती होते. जॉबर आपल्या गावची, नात्याची, जातीची माणसे भरी. त्यामुळे गावातली उतरंड भरतीच्या वाटेने गिरणीच्या फाटकातून आत आली आणि खात्यांच्या रूपाने स्थिरावली. अस्पृश्य कामगार मुख्यतः कातकामाच्या रिंग विभागात, कमी मजुरीच्या जागांवर आणि झाडलोटीत राहिला. विणकामाचे खाते, म्हणजे कामगारांच्या बोलीतले साचेखाते, त्याला बंद होते. येथे मजुरी कामाच्या मापावर मिळे आणि दोन साचे चालवणारा कसबी विणकर सर्वसाधारण कामगारांत चांगली मजुरी मिळवणारा गणला जाई. गिरणीतली ही चांगली कमाईची जागा अस्पृश्यांना सरसकट नाकारली गेली होती.

धोट्याचे कारण

या बंदीसाठी जे कारण सांगितले जाई ते नीट समजून घेतले पाहिजे.

साच्यावर ताण्याचे धागे उभे असतात आणि धोटा बाण्याचा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो. धोट्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की विणकर धोटा काढतो, रिकामी कांडी टाकून भरलेली बसवतो आणि नव्या सुताचे टोक धोट्याच्या बाजूच्या लहानशा छिद्रातून बाहेर घेतो. हे टोक झटकन बाहेर यावे म्हणून छिद्राला ओठ लावून श्वास आत ओढायचा, अशी रीत होती. सूत ओठांशी येई आणि साचा पुन्हा सुरू होई. ही क्रिया दिवसातून शेकडो वेळा करावी लागे. धोटा एकाच माणसाचा राहत नसे. बदलीवाला आला, पाळी बदलली, शेजारच्या साचेवाल्याने मदत केली, तर त्याच छिद्राला दुसऱ्याचे ओठ लागत.

येथे सवर्ण विणकर म्हणे : ज्या धोट्याला अस्पृश्याचे तोंड लागले, त्याला आम्ही तोंड कसे लावायचे?

वरवर पाहता हा धर्मसमजुतीचा प्रश्न वाटतो. पण तो तपासून पाहिला की धर्माचा रंग उडू लागतो. पहिली गोष्ट अशी की, मुंबईच्या साचेखात्यांत मराठा कामगारांबरोबर मदनपुऱ्याकडचे, उत्तर हिंदुस्थानातून आलेले जुलाहे मुसलमानही विणकर म्हणून काम करीत होते. दुसरी गोष्ट, धोट्याला तोंड लावण्याची रीत मुंबईची नव्हती. ती इंग्लंडातील लँकेशायरहून यंत्रांबरोबर आली होती. तिकडेही या रीतीविरुद्ध ओरड झाली, परंतु ती आरोग्याच्या नावाने. एकाच्या तोंडचा रोग दुसऱ्याला होतो, सुताची धूळ छातीत जाते, दात किडतात, अशा त्या तक्रारी होत्या. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये असा धोटा कायद्याने बंद केला. इंग्लंडमध्ये त्याला टप्प्याटप्प्याने हद्दपार करण्याचा नियम १९५२ मध्ये झाला. हाताने ओवता येणारा धोटा त्यापूर्वीच तयार झाला होता.

म्हणजे उपाय होता. धोटा बदलला असता तर विटाळाचे कारणच उरले नसते, आणि सवर्ण विणकराच्या छातीचेही रक्षण झाले असते. परंतु मुंबईत धोटा बदलण्यापेक्षा माणूस वगळणे सोपे होते. मालकाला नव्या धोट्याचा खर्च नको होता, जॉबरला आपल्या भरतीच्या अधिकारात वाटेकरी नको होता आणि सवर्ण विणकराला चांगल्या मजुरीच्या जागेसाठी नवा स्पर्धक नको होता. या तिघांच्याही हिताला विटाळाची कल्पना उपयोगी पडली. अस्पृश्यता ही केवळ मनातली घाण आहे, शिक्षणाने ती जाईल, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. तिच्यामागे दर महिन्याच्या पगाराचा हिशेब होता.

१९२८ : मागणी कोणाची?

एप्रिल १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप सुरू झाला आणि तो ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने चालला. दीड लाखाच्या आसपास कामगार त्यात होते. याच संपात लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. भारतीय कामगार चळवळीच्या इतिहासातले हे मोठे पर्व आहे, याविषयी दुमत असू नये.

याच संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे एक रोखठोक प्रश्न ठेवला. अस्पृश्य कामगार तुमच्याबरोबर उपाशी राहतो आहे. मग त्याला सर्व खात्यांत, विशेषतः विणकामात, काम करण्याचा हक्क आहे हे तुम्ही मान्य करता की नाही? करीत नसाल, तर त्याने या संपात का राहावे? पुढाऱ्यांनी नाखुषीने ही मागणी आपल्या मागण्यांत घेतली. ती मालकांपुढे गेली तेव्हा मालकांनी सांगितले की, हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. संपानंतर न्या. फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली आणि १९२९ मध्ये तिचा अहवाल आला. साचेखात्याचे दार मात्र उघडले नाही.

मालकांच्या त्या उत्तराचा अर्थ नीट लावला पाहिजे. त्यात अर्धे सत्य होते, आणि अर्धे सत्य फार सोयीचे असते. साचेखात्यातला बहिष्कार सवर्ण कामगार चालवीत होते हे खरे. पण त्या बहिष्कारामुळे कमी मजुरीत राबणारा एक वर्ग मालकाला कायमचा मिळत होता आणि कामगारांत फूटही आयती राहत होती. कामगार पुढारी म्हणत होते, आधी वर्गाची लढाई जिंकू, जात मग आपोआप जाईल. मालक म्हणत होते, जात तुमची, आम्हांला तिच्याशी काय करायचे! या दोन वाक्यांच्या मध्ये अस्पृश्य कामगार उभा होता.

१९२९ च्या एप्रिलमध्ये पुन्हा सार्वत्रिक संपाची हाक आली. आदल्या वर्षीच्या सहा महिन्यांच्या उपासमारीने अस्पृश्य कामगार सावकाराच्या आणि पठाणाच्या कर्जात बुडालेला होता. बाबासाहेबांनी या संपाला विरोध केला. त्यासाठी त्यांना संपफोडे ठरवणारे लेखन झाले, आणि आजही अधूनमधून होते. हे लिहिणारे १९२९ चा विरोध सांगतात, १९२८ चा प्रश्न सांगत नाहीत. ज्या एकजुटीत खात्याचे दार बंदच राहणार होते, त्या एकजुटीची किंमत सर्वांत गरीब माणसानेच का मोजावी, हा तो प्रश्न होता.

बाबासाहेब कामगारविरोधी असते तर पुढचा इतिहास घडला नसता. ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे सांगितले, आणि नोकरीतील विषमतेची उदाहरणे देताना गिरण्यांच्या विणकाम खात्याचाही उल्लेख केला. त्याच वर्षी मुंबई सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणले. संपाच्या हक्कावर घाला घालणाऱ्या या विधेयकाला त्यांनी विधिमंडळात कडाडून विरोध केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून एक दिवसाचा संप घडवून आणला. परळच्या कामगार मैदानावर त्या दिवशी निळे आणि तांबडे कार्यकर्ते एकत्र होते. म्हणजे एकजुटीला नकार नव्हता. बरोबरीच्या नात्याने होणारी एकजूट हवी होती.

चाळीचा नकाशा

गिरणीतले खाते संध्याकाळी सुटे, पण चाळ सुटत नसे. पहिल्या महायुद्धानंतर बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. सरकारी चाळी, एकसारख्या खोल्या, एकसारखे भाडे. तरीही वस्ती एकसारखी झाली नाही. अस्पृश्यांच्या चाळी वेगळ्या पडल्या. एका मैदानाच्या दोन बाजूंना दोन जगे उभी राहिली.

या नकाशाचा अर्थ जानेवारी १९७४ मध्ये सर्वांना कळला. मध्य मुंबई लोकसभा मतदारसंघाची पोटनिवडणूक होती. दलित पँथरने, ग्रामीण भागात होणाऱ्या अत्याचारांच्या निषेधार्थ, तिच्यावर बहिष्कार पुकारला होता. ५ जानेवारीला वरळीच्या बीडीडी चाळींच्या मैदानात पँथरची सभा झाली, दगडफेक झाली, लाठीमार झाला आणि दंगल पेटली. ती नायगावपर्यंत पसरली. १० जानेवारीच्या निषेध मोर्चावर परळ भागात वरून दगड आले. त्यात पँथरचे तरुण कार्यकर्ते भागवत जाधव मृत्युमुखी पडले. पुढे या दंगलींच्या चौकशीसाठी न्या. भस्मे आयोग नेमला गेला.

या दंगलीत दोन्ही बाजूंना गिरण्यांत राबणारी कुटुंबे होती. एकाच भोंग्याने उठणारी, एकाच फाटकातून आत जाणारी माणसे एकमेकांच्या चाळींवर दगड कसे फेकतात, असा भाबडा प्रश्न त्या वेळी पुष्कळांनी विचारला. १९२८ मध्ये ज्यांनी साचेखात्याचा प्रश्न मनावर घेतला असता, त्यांना १९७४ मध्ये हा प्रश्न पडला नसता.

साहित्याने काय पाहिले?

आता साहित्याकडे वळू. मराठीतली ‘चाळ’ फार काळ गिरगावची चाळ होती. कारकून, मास्तर, पेन्शनर, गणेशोत्सव, नाटकाचे वेड आणि महिनाअखेरीची ओढाताण. पु. ल. देशपांड्यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली आली आणि घरोघर पोचली. तिच्यातील विनोद निर्मळ आहे, यात वाद नाही. पण त्याच १९५८ साली, २ मार्च रोजी, दादरच्या बंगाली हायस्कूलच्या सभागृहात पहिले दलित साहित्य संमेलन भरले होते. गिरगाव आणि दादर यांच्यामध्ये सगळे गिरणगाव पसरलेले आहे. त्या गिरणगावातील माणूस पहिल्या चाळीत दिसत नव्हता म्हणूनच दुसऱ्या सभागृहाची गरज पडली.

गिरणी मराठी कादंबरीत आलीच नाही असे नाही. मामा वरेरकरांनी आपल्या कामगारजीवनावरील कादंबरीला ‘धावता धोटा’ हेच नाव दिले. धोटा मराठी कादंबरीच्या मुखपृष्ठावर आला. त्या धोट्याला कोणाचे ओठ लागू शकत नाहीत, हा मात्र मराठी साहित्याचा विषय झाला नाही.

नारायण सुर्वे यांचे स्थान येथे फार महत्त्वाचे आहे. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराला रस्त्यावर सापडलेले हे मूल. आईबाप अज्ञात, म्हणून जातही अज्ञात. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांतून त्यांनी कामगाराला मराठी कवितेत ताठ मानेने उभे केले. त्यांच्या कवितेतील माणूस जातीच्या पलीकडे जाऊन बोलतो आणि तो खोटा वाटत नाही, कारण कवीला जन्माने मिळालेली कोणतीच जात जपायची नव्हती. सुर्व्यांचे हे मोठेपण मान्य करूनच पुढे म्हणावे लागते की, प्रत्येक कामगाराला जातीपासून अशी मोकळीक मिळाली नव्हती.

याची दुसरी बाजू बाबुराव बागुलांनी दाखवली. त्यांची जडणघडण माटुंग्याच्या लेबर कॅम्पात झाली. हा लेबर कॅम्प म्हणजे मार्क्स आणि आंबेडकर दोघेही रस्त्यावर भेटतील अशी वस्ती. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेतला नायक रेल्वेत कामगार म्हणून रुजू होतो. कामगार म्हणून त्याला सहकारी मिळतात, मैत्रीही मिळते. पण राहायला खोली हवी असते आणि त्यासाठी जात लपवावी लागते. ती उघडी पडते तेव्हा मार बसतो. जो वर्गबंधू होता तोच हात उगारतो. ‘कामगार’ ही ओळख खोलीच्या उंबरठ्यापर्यंत चालते, आत चालत नाही, हे बागुलांनी एका कथेत सांगितले. वर्गाचे पुस्तक वाचलेल्या अनेक विद्वानांना ते पुढे कित्येक वर्षे कळले नाही.

अण्णा भाऊ साठे या दोन्ही प्रवाहांच्या संगमावर उभे आहेत. वाटेगावच्या मांगवाड्यातून मुंबईला आलेला, गिरणीत काम केलेला हा माणूस. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारणारा शाहीर. लाल बावट्याशी त्यांचे नाते शेवटपर्यंत तुटले नाही. आणि तरीही १९५८ च्या संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तोललेली नसून कष्टकऱ्यांच्या, दलितांच्या तळहातावर तोललेली आहे, असा विचार त्यांनी तेथे मांडला. ‘फकिरा’ ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांना अर्पण केली. अण्णा भाऊंना मार्क्सवादी म्हणावे की आंबेडकरवादी, या वादात आपले तरुण अभ्यासक बराच वेळ घालवतात. त्यांना स्वतःला जात आणि मजुरी या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून कधी अनुभवाव्या लागल्या असतील, असे वाटत नाही. गिरणीतल्या अस्पृश्याला त्या एकाच वेळी, एकाच दारात भेटत होत्या.

याच पार्श्वभूमीवर १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला आणि त्याच वर्षी दलित पँथर जन्मली. १९७८ मध्ये दया पवारांच्या ‘बलुतं’ने नागपाड्याच्या कावाखान्यातले बालपण मराठी वाचकापुढे ठेवले. ही पुस्तके येताच प्रस्थापित समीक्षेने तक्रार केली की, यांत जातीचा कडवटपणा फार आहे, व्यापक मानवता कमी आहे. उलट प्रश्न असा विचारायला हवा होता की, ज्या साहित्याने शंभर वर्षे गिरणी पाहिली आणि खाते पाहिले नाही, त्याला व्यापक कोणी ठरवले? आपल्या ओळखीबद्दल ज्याला कधी जाब द्यावा लागत नाही, त्याची ओळख ‘माणूस’ या नावाने खपते. ज्याला दारात थांबवले जाते त्याला मात्र स्वतःचे नाव मोठ्याने सांगावे लागते. दलित साहित्यातल्या अस्मितेचा अर्थ एवढाच आहे.

आजचे काम

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. त्या संपाची रीतसर समाप्ती झालीच नाही. गिरण्या एकामागून एक मिटल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. दादरच्या इंदू मिलची जमीन बाबासाहेबांच्या स्मारकासाठी द्यावी म्हणून ६ डिसेंबर २०११ रोजी कार्यकर्ते आत घुसले आणि २०१२ मध्ये ती जमीन देण्याचा निर्णय जाहीर झाला. ज्यांनी गिरण्यांच्या साचेखात्यांचे दार ठोठावले, त्यांचे स्मारक गिरणीच्याच जमिनीवर! या गोष्टीचा अभिमान जरूर बाळगावा. पण स्मारकात पुतळा असेल, तसा धोटाही असला पाहिजे आणि त्याची ही कथाही लिहिलेली असली पाहिजे.

कारण साचेखात्यातील बंदी स्वातंत्र्यानंतर हळूहळू मोडत गेली. संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ मध्ये अस्पृश्यता गुन्ह्यांचा कायदा झाला, यंत्रेही बदलली. आज गिरणीच नाही म्हणून तो इतिहास संपला, असे समजणे धोक्याचे आहे. खाती आजही आहेत. मुंबईच्या गटारांत कोण उतरतो, कचऱ्याच्या गाडीवर कंत्राटी म्हणून कोण असतो, भरती कोणाच्या ओळखीने होते, हे पाहिले की जुना जॉबर नव्या नावाने भेटतो.

म्हणून कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना एक काम सुचवावेसे वाटते. गिरणीत राबलेली पिढी झपाट्याने जात आहे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या शंभर आवाजांचा मौखिक इतिहास सिद्ध करून वाट दाखवली आहे. तुमच्या घरात, चाळीत, वाडीत जी वृद्ध माणसे उरली आहेत त्यांच्याकडे जा. संपाच्या आठवणी विचाराच, पण त्याआधी विचारा : तुम्ही कोणत्या खात्यात होतात? त्या खात्यात तुम्हांला कोणी लावले? प्यायचे पाणी कोठे होते? डबा कोणाबरोबर खात होता? तुमची चाळ कोणत्या नंबरची, आणि तिच्यात दुसऱ्या जातीचे कोण राहत होते? स्त्रियांना वेगळे विचारा, कारण त्यांची खाती वेगळी होती आणि त्या खात्यांतून त्यांनाच आधी घरी पाठवले गेले.

ही उत्तरे गोळा झाली की गिरणगावचा इतिहास पुन्हा लिहावा लागेल. त्यात लढे लहान होणार नाहीत, हुतात्मे कमी होणार नाहीत. फक्त पाने वाढतील. आणि त्या वाढलेल्या पानांवर ज्यांची नावे येतील, त्यांनी विणकामात हात घातला नसला तरी त्यांनी कातलेल्या सुतावाचून मुंबईचा एकही साचा कधी चालला नव्हता, हे पुढच्या पिढीला वाचता येईल.